धरणाचा टक्का कळतो, पोराचा का नाही?

बारावीचा निकाल दुपारी एकला लागतो आणि दिवस मावळायच्या आत आमच्या उजनीकाठावर एखादा बाप रानाचा भाव काढायला निघतो. पोराला ६२ टक्के पडलेले असतात. घरात सुतक पडल्यासारखी अवकळा, मामालोकांची फोनाफोनी आणि ठरलेलं वाक्य: "पैशाकडं बघू नका, पोराचं वर्ष वाया जाऊ देऊ नका." एवढं बोलून पोराचं अख्खं वर्ष रिपीटर बॅचच्या मालकाला देऊन टाकायचं, नाहीतर पुण्यात मॅनेजमेंटची जागा धरायची. पैसे दोन्हीकडे उसाच्या बिलाचे, नाहीतर रानाचे.

याच माणसांना उजनी धरणाचा टक्का विचारा. "धरण उणे ४० वर गेलं" म्हटल्यावर कोणी गळा काढत नाही. ११७ टीएमसीच्या धरणात ६३ टीएमसी मृतसाठा आहे, उणे म्हणजे कोरडं नव्हे, मोटार किती पुढं सरकवायची आणि पाइप किती जोडायचे, हे काठावरच्या केत्तूर-वांगी-चिखलठाणच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आकडा कुठून मोजलाय हे विचारल्याशिवाय आम्ही धरणावर तोंड उघडत नाही. पोराची गुणपत्रिका हातात आली की मात्र ही सगळी अक्कल गहाण पडते.

माझ्या पुतण्याला भौतिकशास्त्रात ५८ पडले. भाऊ म्हणाला, "अण्णा, आता पेपर बघून काय व्हायचंय? गुण वाढणारेत का?" मी हट्टाने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. विषयामागे काही शे रुपये लागतात. रिपीटर बॅचच्या फीपुढे चहापाणीच. गुणपत्रिकेवर एकच बेरीज असते. लेखीचे ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३० ही फोड करायची तर उत्तरपत्रिका बघून वजाबाकी करावी लागते. ती केली. लेखीला २९, प्रात्यक्षिकाला २९! लेखीत ७० पैकी २९ आणणारा पोरगा प्रयोगात ३० पैकी २९ घेतो, म्हणजे घरात न्यूटन जन्मला म्हणायचा. प्रत्यक्षात या न्यूटनाने दोन वर्षांत प्रयोगशाळेचं दार उघडं पाहिलेलं नाही. नाव तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, मुक्काम पुण्यातल्या क्लासच्या होस्टेलवर. हजेरी कोणी लावली, जर्नल कोणी लिहिलं, विचारू नका. सगळ्या गावाला माहीत आहे.

उत्तरपत्रिका आणखी बोलकी होती. बहुपर्यायी प्रश्न १० गुणांचे. त्यात ९ बरोबर. पुढे तीन-तीन, चार-चार गुणांचे प्रश्न, सूत्राची सिद्धता, आकृती, पायरीपायरीने सोडवायचं गणित. तिथे पानंच्या पानं कोरी. क्लासने दोन वर्षं गोल रंगवायला शिकवलं आणि पोरगा गोल रंगवायला शिकला. तो नापीक निघालेला नाही. त्याला वाक्य लिहायला कोणी बसवलंच नव्हतं. आणि यावर भावाने काढलेला तोडगा काय, तर त्याच क्लासमध्ये आणखी एक वर्ष!

टक्के कमी म्हणजे सगळी दारं बंद, हे क्लासवाल्यांचं आवडतं गाणं. राज्यातल्या इंजिनिअरिंगचे प्रवेश २०१६ पासून सीईटीवर होतात. बारावीचे खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीवला ४० पुरतात, तेही ठरावीक विषयांचे. मेडिकलला नीट. बारावीचा टक्का खरोखर आडवा येतो तो आयआयटी-एनआयटीला. तिथे ७५ ची अट आहे, अनुसूचित जाती-जमातींना ६५ ची. पण त्याच नियमात पुढे "किंवा" आहे: आपल्या बोर्डाच्या पहिल्या वीस पर्सेंटाइलमध्ये असलात तरी चालतं. हे "किंवा" पालकांनी कधी वाचलेलं नसतं. क्लासवाल्याने वाचलेलं असतं, पण तो सांगेल कशाला? आणि नावाजलेल्या महाविद्यालयात बीएस्सीला जायचं असेल, जिथे बारावीचीच गुणवत्ता यादी लागते, तर श्रेणीसुधार योजना आहे, जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहे. गुणपडताळणीत नुसती बेरीज आणि राहून गेलेला प्रश्न बघतात, पुनर्मूल्यांकनात पेपर नव्याने तपासतात, हा फरकही समजून घ्यायला कुणाला सवड नसते. रडायला असते.

मॅनेजमेंटच्या जागेचं तर काय सांगावं! खासगी कॉलेजातल्या शंभरातल्या वीस जागा संस्थेच्या हातात. तिथे पोरगी घातली की सरकारी फी-सवलत गेली. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतला तरच. म्हणजे सोलापूर-पंढरपूरकडच्या साध्या कॉलेजात जी पोरगी शिक्षण शुल्क न भरता शिकली असती, तिच्यासाठी बाप केळीचे पैसे घेऊन पुण्यात एजंटाच्या दारात बसतो. का? तर पाहुण्यांना कॉलेजचं नाव सांगता यावं म्हणून.

अमेरिकेत म्हणे शेवटच्या वर्षी गुण घसरले तर अर्जात त्याचं कारण लिहायला जागा असते, शाळेचा समुपदेशकही चार ओळी लिहितो. आमच्या अर्जात तसा रकाना नाही. मग आम्ही खुलासा पाहुण्यांना देतो, ज्यांच्या हातात एकही जागा नाही. पेपर अवघड होता, पोरगा आजारी होता, तपासणारा खडूस होता. लग्नातल्या पंगतीपर्यंत खुलासा चालूच.

खरी कारणं सांगायची तर ती पाण्याइतकी पसरलेली आहेत. जायच्या-यायच्या वाटेचंच बघा. २१ मे २०२४ ला दुपारी बारावीचा निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी उजनीच्या पाण्यात, आमच्याकडच्या कुगावहून पलीकडच्या काठावरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटून सहा जण गेले. धरणात पाणी अडून चाळीस वर्षं उलटली होती, तरी पलीकडे इंदापूरला जायचं तर होडी, नाहीतर लांबचा वळसा. हा दाखला मी पोरांना वाढीव गुण द्या म्हणून देत नाही. जवळ शिकायची सोय नाही म्हणून पोरं पुण्याला पाठवतो, असं सांगणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की गावाजवळ जे महाविद्यालय आहे तिथल्या प्रयोगशाळेसाठी तुम्ही एकदा तरी भांडलात का? पाण्याच्या आवर्तनासाठी रस्ता अडवणारी आपली माणसं. ब्युरेट फुटलंय म्हणून कधी कोणी शिपायाला तरी जाब विचारला?

निकालानंतर त्याच महाविद्यालयाच्या गेटवर पहिल्या दहांचा फ्लेक्स लागतो. फोटो, टक्के, संस्थापकांचे आशीर्वाद. कोपऱ्यात थोडी जागा उरली असेल तर प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते, तेवढं छापा.