घोडा कोणाचा?

काळा घोडा पाहून घरीं परतलेलीं मुलें बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘घोडा आहे, मग स्वार कोठें गेला?’ उत्तर सोपें आहे. १८७९ सालीं तेथें बसविलेल्या पुतळ्यांत इंग्लंडचा युवराज घोड्यावर होता. १९६५ सालीं तो पुतळा भायखळ्यास राणीच्या बागेंत हलविण्यांत आला, आणि २०१७ सालीं फोर्टांत जो नवा घोडा आला तो स्वारावांचूनच आला. परंतु आमच्या पूर्वजांनीं निराळाच प्रश्न केला असता. स्वार कोण, यापेक्षां घोडा कोणाचा, ही चौकशी ते आधीं करीत.

मराठ्यांच्या लष्करांत स्वारांचे दोन वर्ग होते. सरकारी पागेंतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचा घोडा व हत्यारें घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा मान मोठा. तथापि शिवछत्रपतींचा भर पागेवर होता. यांतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. घोडा हीच ज्याची सारी मिळकत, तो ऐन लढाईंत घोडा जपणारच! घोडा पडला कीं घर बुडालें. बारगिराला हें भय नव्हतें, आणि तो हुकमांतही अधिक राही.

ही शिलेदारी पुढें इंग्रजांनीं नांवासकट उचलली. १८१७ सालच्या पुण्याच्या तहानें कंपनीनें फौजेच्या खर्चाकरितां दुसऱ्या बाजीरावाकडून मुलूख लिहून घेतला, आणि त्यांतून जें घोडदळ उभें राहिलें तेंच पुढें ‘पूना हॉर्स’ म्हणून प्रसिद्धीस आलें. आपणांस जखडणाऱ्या फौजेचा खर्च पेशव्यानेंच द्यावा, याहून कठोर विडंबन तें कोणतें!

याच घोडदळाच्या एका तुकडीभोंवतीं १८३९ सालीं सिंध हैदराबाद येथें ‘सिंध इर्रेग्युलर हॉर्स’ उभारण्यांत आली. १८४३ सालीं इंग्रजांनीं सिंध घेतला. १८४७ सालीं तो मुंबई इलाख्यास जोडला गेला व १९३६ पर्यंत तसाच राहिला. म्हणजे बलुची डोंगरांच्या पायथ्याची सरहद्द जवळजवळ नव्वद वर्षें मुंबईच्या कारभाराखालीं होती! तेथें बुगटी, डोंबकी इत्यादि टोळ्या वरचेवर लूट करीत. शिपाई गढ्यांत दारें लावून बसत आणि लुटारू मधून निघून जात. १८४७ च्या जानेवारींत जॉन जेकब खानगडास आला. त्यानें गढ्यांचा आश्रय सोडला, उघड्या मैदानांत लहान लहान ठाणीं ठेवून रात्रंदिवस गस्त सुरू केली, सरकारी चाकरींत नसणारास हत्यार बाळगण्याची मनाई केली, आणि रस्ते व कालवे काढले. खानगडाचें जेकबाबाद झालें. १८५६ सालीं त्यानें क्वेट्ट्यास फौज ठेवण्याची सूचना केली, ती लॉर्ड कॅनिंगनें नाकारली. वीस वर्षांनीं सरकारनें तेंच केलें. या कर्तबगारीचें कौतुक करावें, परंतु सिंध घेणें हें मुळांत न्यायाचें नव्हतें, हें विसरूं नये. जेम्स औट्रॅमसारख्या इंग्रज अधिकाऱ्यासही तें मान्य नव्हतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. घोडा मेल्यास शिलेदार बुडूं नये, म्हणून अशा पलटणींत एक ‘चंदा’ असे. प्रत्येक स्वार दरमहा कांहीं पैसे सामाईक निधींत टाकी, आणि ज्याचा घोडा जाई त्यास त्यांतून नवा घेण्यास साह्य मिळे. घोडा ज्याचा त्याचा, तोटा मात्र सर्वांचा. शिवछत्रपतींना दिसलेला दोष या युक्तीनें बराचसा झांकला गेला. परंतु १९१४ च्या महायुद्धांत माणसें व घोडीं इतकीं मेलीं कीं चंदा पुरा पडेना, आणि नव्या भरतीच्या माणसांजवळ घोड्याचे पैसे नव्हते. १९२१ च्या सुमारास ही पद्धत मोडली व घोडा सरकारचा झाला; म्हणजे पागाच पुन्हा आली! आज पूना हॉर्स व सिंध हॉर्स या दोन्ही पलटणी रणगाड्यांच्या आहेत. मुंबईंत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ च्या युद्धांत पूना हॉर्सचें नेतृत्व करीत असतां धारातीर्थीं पडले आणि परमवीरचक्राचे मानकरी झाले.

वाचकहो, गिरगांवची चाळ असो वा दादरचा ब्लॉक, एकत्र कुटुंबांतही हाच पेंच आहे. सर्वांची मिळकत एकाच पेटींत गेली, कीं धाकटे बारगीर होतात. घोडा आपला नाहीं, मग खरारा कोण करणार? ज्याचें त्याचें निराळें झालें, कीं प्रत्येकजण आपला घोडा जपूं लागतो, आणि नवा धंदा काढण्याचें किंवा दूरदेशीं शिकावयास जाण्याचें धाडस कोणी करीत नाहीं. यास्तव मुलासुनांना स्वतःचा घोडा अवश्य द्यावा, आणि घराचा चंदाही चालू ठेवावा. मात्र मोठ्या आपत्तींत चंदाही आटतो, हें महायुद्धानें दाखविलें आहे. म्हणून तो भरतांना हात आंखडूं नये. घोडा कोणाचा, हें घरांत सर्वांना ठाऊक असतें. तो पडल्यावर आपल्या माणसाला पायीं चालूं द्यावयाचें नाहीं, एवढें मात्र वडील मंडळींनीं आधींच ठरवून ठेवावें.