उजेडाचें पाणी

चौकांत दुपारच्या उन्हांत पाण्याची परात राहिली म्हणजे आढ्यावर कवडसा नाचूं लागतो, आणि पाळण्यांतलें मूल रडणें विसरून तिकडे टक लावतें. हल्लीं सभागृहांत व गणेशोत्सवाच्या मंडपांत प्रेक्षकांस जणूं पाण्याच्या तळाशीं नेऊन बसविणारी जी दीपयोजना करतात, तिचें मूळ या परातींतच आहे.

लाटेचा उंचवटा बहिर्गोल भिंगाप्रमाणें किरण एकत्र आणतो, खळगा ते पसरवितो. म्हणून उथळ ओढ्याच्या तळाशीं प्रकाशाचें जाळें दिसतें. मोठ्या मांडणींत पाण्याऐवजीं, कमीजास्त जाडीच्या दोन कांचा प्रखर दिव्यापुढें फिरवितात. कांच एकच असली तर तीच लाट ठराविक वेळानें परत येते व डोळा ती लबाडी तत्काळ ओळखतो. दोन कांचा निरनिराळ्या गतीनें फिरल्या म्हणजे हा फेर सहसा ध्यानांत येत नाहीं. गति मात्र मंद हवी. आमच्या पाहण्यांतले बहुतेक देखावे घाईनें आणि सरसकट निळ्या रंगानें बिघडलेले आहेत. स्वच्छ खोल पाणी प्रकाशांतला तांबडा भाग आधीं शोषून घेतें, म्हणून त्यास निळसर-हिरवी छटा येते. गढूळ पुरास ती देऊन कसें चालेल? काठावर बसल्याचा भास हवा तर उजेड खालून भिंतीवर टाकावा. बुडाल्याचा हवा तर वरून, माणसांच्या अंगावर.

बुडण्याचा हा भास केवळ करमणुकीचा नव्हे. १९५९ सालीं कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरांत उत्पल दत्त यांचें ‘अंगार’ नाटक झालें. कोळशाच्या खाणींत पाणी शिरून आंत अडकलेले मजूर बुडतात, हा त्याचा शेवट. रंगभूमीवर पाण्याचा थेंब नव्हता. चढतें पाणी दीपयोजनाकार तापस सेन यांनीं निव्वळ उजेडानें दाखविलें.

हें आठवण्याचें कारण हिर्डोशी. भोरहून वरंधा घाटाकडे जातांना हें खोरें लागतें. नीरा-देवघर धरणाचें पाणी येथें पसरलें असून त्याखालीं या भागांतलीं घरेंदारें व शेतें गेलीं आहेत. पुण्याची हौशी मंडळी उद्यां दिवे घेऊन तिकडे गेली, तर पाण्याखालीं गेल्याची जी मौज शहरांत वाटते ती तेथल्या म्हाताऱ्या माणसांसही वाटेल, असें धरून चालणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मांडणी करण्यापूर्वीं गांवच्या वडीलधाऱ्यांस विचारावें. धरणापूर्वींची उथळ नीरा पाहावी असें त्यांस वाटलें, तर उजेड प्रेक्षकांच्या पावलांवर ठेवावा, हिरवट व संथ; डोक्यावरून एकही किरण नको. बुडालेलें शिवारच दाखवा असें ते म्हणाले, तर तें ‘अंगार’च्या गांभीर्यानें दाखवावें, मग ढोलताशा व रंगीबेरंगी झगमगाट यांना तेथें जागा नाहीं.

लहान जागेस कांचांचा खर्च नको. परातींत पाण्याखालीं आरसा ठेवून एकच बारीक, प्रखर दिवा तिरपा सोडावा. दुधी कांचेच्या दिव्यानें रेषा पुसट होतात. पाणी बोटानें नुसतें स्पर्शावें, ढवळूं नये. दिवा व तारा परातीपासून दूर, कोरड्या जागीं घट्ट बांधाव्या, वीजगळती होतांच प्रवाह तोडणारा आर.सी.सी.बी. बसविल्यावांचून कळ दाबूं नये, आणि मुलांस त्या बाजूस फिरकूं देऊं नये.