टेंभलीचा बारावा आकडा

देशातला पहिला आधार नंबर आमच्या जिल्ह्यात दिला गेला. २९ सप्टेंबर २०१०, टेंभली, तालुका शहादा. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. पुण्यात "नंदुरबार म्हणजे नक्की कुठे रे?" असं विचारणाऱ्यांना मी हेच ऐकवतो :)

तर मंडळी, त्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा तपासणीचा. आधीच्या अकरांवरून तो ठरतो, म्हणजे टाईप करताना चूक झाली की हिशोब जुळत नाही. नुसती बेरीज केली तर? ३७ चे ७३ झाले तरी बेरीज तीच. मग प्रत्येक आकड्याला जागेप्रमाणे वेगळ्या संख्येने गुणा, बेरीज करा आणि एकक स्थान बघा. इथे खरी गंमत आहे. एक आकडा चुकला की हमखास कळायला हवं असेल, तर गुणायला १, ३, ७ आणि ९ एवढेच चालतात. सगळे विषम. दोन विषमांतला फरक सम, आणि सम गुणिले ५ म्हणजे शेवटी शून्य! म्हणून शेजारच्या १ आणि ६ ची अदलाबदल निसटते. किराणा मालावरच्या बारकोडात हे भोक आजही आहे.

जेकोबस व्हर्होफ या डच गणितज्ञाने १९६९ साली ही बेरीजच सोडून दिली. त्याने पंचकोन घेतला. तो फिरवण्याच्या आणि पालथा करण्याच्या मिळून दहा क्रिया, दहा आकड्यांना एकेक. आधी फिरवून मग पालथा केला आणि आधी पालथा करून मग फिरवला, तर उत्तर वेगळं येतं. त्यात जागेप्रमाणे आकडेही बदलून घेतले, की एक आकडा चुकणं किंवा शेजारचे दोन उलटे पडणं, दोन्ही शंभर टक्के पकडलं जातं. आधारमध्ये हेच वापरलंय. मला तर हे जाम आवडतं.

मग माझ्या आत्याचं पेन्शन पाच महिने कुठे गेलं? गावात तिच्याच नावाची नि आडनावाची आणखी एक बाई आहे. फॉर्म भरणाऱ्याने तिचा नंबर टाकला. तोही अगदी बरोबर नंबर! व्हर्होफ बिचारा काय करणार? काउंटरवर आत्याला एकच उत्तर, "सिस्टीममध्ये सगळं ओके दाखवतंय."

हे 'ओके' लिहिणारे आपणच ना? आकडे नीट टाईप झालेत, एवढंच आपल्याला कळलेलं असतं आणि आपण हिरवी टिक देऊन मोकळे होतो. सेव्ह करण्याआधी जन्मसाल आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव समोरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायची सक्ती करायला काय जातं? फार तर एक जादा स्क्रीन. आणि चूक झालीच, तर ती सिद्ध करायला म्हातारीने का तालुक्याला खेटे घालायचे?

रविवारी फोनवर आत्याने तिचा नंबर मला तोंडपाठ म्हणून दाखवला. एकही आकडा चुकला नाही.