अंगणातला जुना ट्रक

वर्षानुवर्षे अंगणात उभा असलेला सपाट हौद्याचा डिझेल ट्रक सुरू करताना पहिला मोह होतो तो बॅटरी जोडून स्टार्टर मारण्याचा. तो आवरावा. सिलिंडर गंजला असल्यास त्या एका झटक्यात पिस्टनच्या रिंगा मोडू शकतात. आधी चाकांखाली दगड लावून गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा, ऑइल बदलावे आणि पान्याने इंजिनाचे दोन पूर्ण फेरे हळूहळू फिरवून पाहावेत.

टाकीत डिझेलाखाली पाणी साचते. त्यात सूक्ष्मजीव वाढून फिल्टर तुंबतो. म्हणून टाकी रिकामी करावी, फिल्टर बदलावा. नळीत हवा राहिली, तर पंपाचा दाब तिच्यातच जिरतो. हँडपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत ती काढावी.

खरा धोका पुढेच असतो. नोझलचा फवारा बोटाने कधीही तपासू नये. तो त्वचा भेदतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. पंप अडकल्यास इंजिन बेफाम सुटते. अशा वेळी हवेचे तोंड झाकण्यास जाड फळी हाताशी असावी, तळहात मुळीच लावू नये. मुलांना दूर ठेवावे. इंजिन सुरू झाले, तरी ब्रेक तपासल्यावाचून ट्रक फाटकाबाहेर नेऊ नये.