दोन दिवसांची सेवा

मागच्या महिन्यात परतूरहून एका चर्चच्या वैद्यकीय पथकाबरोबर दोन दिवस एका अनाथाश्रमात गेलो होतो. मी काही डॉक्टर नाही. मुलांची वजनं घ्यायची आणि औषधाच्या पुड्यांवर 'सकाळ-संध्याकाळ' लिहायचं, एवढंच माझं काम.

जंताची गोळी एकदाच द्यायची, तिथे आमचं भागलं. पण रक्त कमी असलेल्या मुलींना लोहाच्या गोळ्या काही महिने द्याव्या लागतात. निघताना सगळ्या पुड्या स्वयंपाकाच्या मावशींकडे दिल्या, तर त्या हळूच म्हणाल्या, "दादा, मला वाचता येत नाही."

फार ओशाळलो.

जामखेड आठवलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली तिथे गेलं आणि तिथलंच झालं. गावातल्या निरक्षर बायकांनाही त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सगळ्यांना जन्मभर राहणं जमणार नाही, मलाही नाही. दोन दिवस जरूर जावं. पण माझं मत विचाराल तर त्यातला एक दिवस मावशींना शिकवण्यासाठी ठेवावा. त्या दिवशी मी पुड्यांवर घाईघाईने सूर्य आणि चंद्र काढून दिले. पुढच्या वेळी रंगीत पेनं नेणार आहे.