किल्ली आपल्यापाशीच असावी

आदिलाबादच्या पेठेतील कोणताही व्यापारी आपल्या तिजोरीची किल्ली कुलूप बसविणाऱ्या कारागिरापाशी ठेवून स्वस्थ झोपणार नाही. परंतु तोच सावध गृहस्थ घरातील इंटरनेटची किल्ली मात्र जोडणी करून गेलेल्या मुलाच्या हाती खुशाल राहू देतो, ही विचार करण्यासारखी गोष्ट होय.

१ जुलै २०१७ पासून जी.एस.टी. लागू झाला व विवरणपत्रे संगणकावरून भरणे प्राप्त झाले. बँकेचे व्यवहारही मोबाईलवर आले. दुकान खाली व बिऱ्हाड वर असलेल्या कुटुंबांत मुलांचा अभ्यास, मनोरंजन आणि पेढीचा जमाखर्च एकाच तारेवरून चालतो.

या व्यवस्थेत मुख्य कामे दोन. केबल मोडेम हा दुभाष्या होय. टीव्हीच्याच तारेतून येणारे संदेश तो घरच्या यंत्रांस समजतील असे करतो. राऊटर हा मुनीम होय. एकच जोडणी तो सर्वांस वाटून देतो व कोणाचे काय आले याची नोंद राखतो. कित्येकदा ही दोन्ही कामे एकाच पेटीत असतात. फायबरची जोडणी असल्यास दुभाष्या बदलतो, मुनीम तोच राहतो.

मुनीम परक्याच्या हुकमात गेला तर काय होते, हे २०१६ साली जगाने पाहिले. 'मिराई' नामक घातक प्रणालीने कारखान्यातील मूळ संकेतशब्द न बदललेले असंख्य कॅमेरे व राऊटर वश केले आणि त्यांच्याकरवी ऑक्टोबरात अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. ती यंत्रे ज्यांच्या घरी होती, त्यांतील बहुतेकांस याची गंधवार्ताही नसावी.

"आम्हांस यातले काय कळते?" असे वडीलधारे म्हणतील. परंतु काम फार तर अर्ध्या तासाचे आहे. संकेतशब्द दोन असतात: एक वायफायचा, दुसरा खुद्द राऊटरच्या कारभाराचा. पहिला बदलून पुष्कळजण थांबतात, दुसराही बदलावा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यू.पी.ए. २ किंवा ३ ठेवावा. पाहुण्यांसाठी व मुलांच्या खेळांसाठी निराळे 'गेस्ट' जाळे करावे, म्हणजे हिशेबाचा संगणक अलग राहील. राऊटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. जाड भिंती व लोखंडी कपाटे त्याच्या लहरी अडवितात.

हे काम घरातील शिकलेल्या मुलामुलींकडून करवावे, परंतु आपण शेजारी बसून समजून घ्यावे. दोन्ही संकेतशब्द कागदावर लिहून तिजोरीत ठेवावेत. दिवाळीत नव्या वह्या उघडतो, त्याच दिवशी हेही काम उरकावे, अशी सर्व बंधुभगिनींस आग्रहाची विनंती आहे.