कलादालन ही चैन नव्हे

चित्रप्रदर्शनाची गोष्ट निघाली कीं आमच्या सुशिक्षित मंडळींच्या मुखांतून तीन वाक्यें ठरल्याप्रमाणें बाहेर पडतात. पहिलें, "हा श्रीमंतांचा शौक आहे", दुसरें, "हीं नवीं चित्रें आम्हांस समजत नाहींत", आणि तिसरें, "हें काम सरकारचें आहे." गोंदियासारख्या जिल्ह्याच्या गांवीं नव्या चित्रकारांसाठीं एखादें लहानसें स्वतंत्र कलादालन असावें, असें कोणीं सुचविलें तर हीं तिन्ही वाक्यें एका श्वासांत ऐकूं येतात. तिन्ही चुकीचीं आहेत. पण इतक्या वेळां उच्चारलीं गेलीं आहेत कीं त्यांस सिद्धांताची प्रतिष्ठा आली आहे. ती प्रतिष्ठा काढून घेणें, एवढाच या लेखाचा हेतु.

पहिल्या वाक्याचा समाचार आधीं घेऊं. मुंबईंतील ज्या लहान दालनाचें नांव आज आदरानें घेतलें जातें, त्याचा उगम चित्रांच्या चौकटी करणाऱ्या एका दुकानांत आहे. केकू गांधी यांनीं हा धंदा १९४१ सालीं सुरू केला, आणि ज्यांस अद्याप कोणी ओळखत नव्हतें अशा चित्रकारांचीं चित्रें ते आपल्या दुकानांत लावूं लागले. पुढें १९६३ सालीं त्यांनीं व त्यांच्या पत्नी खोर्शेद गांधी यांनीं जहांगीर कलादालनाच्या इमारतींत, वरच्या मजल्यावर, 'केमोल्ड' हें दालन उघडलें. तेथें चित्रें विकलीं जात, हें कबूल. पण प्रकाशकहि पुस्तकें विकतोच. म्हणून वाङ्मय हा श्रीमंतांचा शौक ठरत नाहीं. ज्याला अद्याप गिऱ्हाईक नाहीं त्याच्यावर आपला पैसा आणि आपली अब्रू लावणें हा चांगल्या प्रकाशकाचा धर्म. लहान दालनाचाहि तोच. शिवाय विकत घेणारा एक असतो, पाहणारे शंभर; आणि पाहणाऱ्यास अशा दालनांत तिकीट पडत नाहीं.

याच दालनांत १९७५ सालीं जिव्या सोमा म्हसे या वारली चित्रकाराचें प्रदर्शन झालें. लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहिणें ही वारल्यांत पिढ्यान् पिढ्या सुवासिनींची कला; ती लग्नापुरती असे, आणि पुढें भिंतीबरोबर झिजून जाई. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनीं डहाणूकडील पाड्यांत जाऊन ही कला हेरली. म्हसे यांनीं ती कागदावर व कापडावर आणली. पण तिच्याखालीं एका माणसाचें नांव लागलें आणि नागर प्रेक्षक त्या नांवापुढें उभा राहिला, तो दालनांत. तोंवर वारली चित्र होतें. वारली चित्रकार नव्हता. म्हसे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली, आणि २०१८ सालीं ते वारले तेव्हां वृत्तपत्रांनीं त्यांची दखल घेतली. ज्या सुवासिनींच्या हातून ही कला त्यांच्यापर्यंत आली त्यांचीं नांवें मात्र आपण जाणत नाहीं, कारण त्यांना दालन मिळालें नाहीं.

आतां याच्या उलट बाजू पाहा. तींच वारली माणसें आज महाराष्ट्रभर कचेऱ्यांच्या कुंपणांवर आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर फेर धरून नाचत असतात. विदर्भांतहि तीं नाचतात. वारल्यांचा मुलूख येथून सारा महाराष्ट्र ओलांडून पलीकडे आहे, याची आठवण ना रंगविणाऱ्यास असते ना पाहणाऱ्यास. सजावट नांव पुसते. प्रदर्शन नांव लावतें. या दोहोंतला भेद ज्या समाजास कळत नाहीं, त्यानें आपण कलेचे चाहते आहों अशी बढाई मारूं नये.

दुसरें वाक्य अधिक साळसूद आहे, कारण तें नम्रतेचा वेष घेऊन येतें. "आम्हांस समजत नाहीं!" हें म्हणणारा गृहस्थ नागझिऱ्याच्या जंगलांत पाहावा. पहाटेच्या थंडींत कुडकुडत तो चोरखमाऱ्याच्या किंवा पिटेझरीच्या फाटकांतून आंत शिरतो. तासन् तास गप्प बसतो. सांबराच्या हांकेस कान देतो. मातींतील पाऊलखुणेवर वाद घालतो. वाघ दिसला नाहीं तरी जंगल दुर्बोध आहे अशी तक्रार तो करीत नाहीं. पुढल्या सुटींत पुन्हा येतो. ही दृष्टि त्याला उपजत नव्हती. नागझिरा अभयारण्य १९७० सालीं झालें, नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प २०१३ सालीं झाला. मारुति चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्यानें मराठी वाचकास पांखरांची व झाडांची ओळख करून दिली. तेव्हां कोठें आमचा गृहस्थ जंगल पाहावयास शिकला. जंगलाला त्यानें वर्षें दिलीं. चित्राला तो दोन मिनिटें देतो, आणि दोष चित्राचा! दृष्टीस सवय लागावी लागते, आणि सवय जागेवांचून लागत नाहीं. वर्षांतून एकदां नागपूरला जाऊन चित्रें पाहिलीं, एवढ्यानें ती लागणार नाहीं; चालत जातां येईल अशी खोली गांवांतच हवी.

तिसरें वाक्य आळशांचें. सरकारनें कांहींच करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. भोपाळचें भारत भवन १९८२ सालीं उघडलें, आणि मंडला भागांतील पाटनगढचा परधान तरुण जनगढ सिंह श्याम तेथें चित्रकार म्हणून पुढें आला; १९८९ सालीं त्याचीं चित्रें पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनांत लागलीं. पण तेथेंहि पारख केली ती जगदीश स्वामीनाथन या चित्रकारानें. कोणा कारकुनाच्या शेऱ्यानें ती झाली नाहीं. सरकार इमारत देऊं शकतें, डोळा देऊं शकत नाहीं.

आणि या बाजूस चित्रकार निपजत नाहींत, असें कोण म्हणेल? सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ सालचा, त्याच मंडला जिल्ह्यांतला, एका वनाधिकाऱ्याच्या घरचा. त्यांचें आरंभीचें कलाशिक्षण झालें नागपुरांत. हरि अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यांतील तळेगांवचे. वासुदेव गायतोंडे १९२४ सालीं नागपुरांत जन्मले. १९४७ सालीं मुंबईंत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्याच्या सहा संस्थापकांपैकीं रझा आणि गाडे हे दोन. गायतोंडेहि पुढें त्या मंडळींत मिसळले. १९४९ सालीं या ग्रुपचें प्रदर्शन झालें तें रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनांत. जंगल, ऊन आणि माती येथली. भिंत मात्र मुंबईची! गायतोंड्यांच्या एका चित्रास २०२१ सालीं लिलावांत जवळजवळ चाळीस कोटी रुपये आले, तेव्हां आमच्या घराघरांत त्यांचें नांव पोंचलें. चित्र पाहून नव्हे, आंकडा वाचून. श्रीमंतांचा शौक म्हणून नाक मुरडणारांनींच तो आंकडा सर्वांत मोठ्यानें वाचला, हें विसरूं नये.

मग करावें काय? फार थोडें. वाचनालयाची किंवा महाविद्यालयाची एक रिकामी खोली, पांढरी भिंत, पुरेसा उजेड, आणि वर्षाला चार प्रदर्शनें. निवड दोघातिघां जाणत्यांची असावी आणि त्यांनीं ती नांवानिशीं करावी. पैसे भरील त्याला भिंत भाड्यानें देणारें दालन आम्हांस नको. तें दालन नसून धर्मशाळा होय. उद्घाटनास पुढारी व हारतुरेहि नकोत. प्रत्येक चित्राखालीं चित्रकाराचें नांव व सरळ मराठींत चार ओळी असाव्यात, आणि एका सायंकाळीं चित्रकारानें स्वतः उभें राहून प्रश्नांस उत्तरें द्यावीं. कोणाचीं चित्रें लावावयाचीं, हा प्रश्नच नाहीं. नागपूरच्या कलाशाळेंतून शिकून परतलेले तरुण आहेत. शाळांतील चित्रकलेचे शिक्षक आहेत. आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगविणारे ते हात आहेत, ज्यांच्यासमोर हजारों माणसें रात्र रात्र बसतात आणि ज्यांचें नांव विचारावें असें कोणासहि सुचत नाहीं.

कांहीं प्रदर्शनें फसतील, कांहीं चित्रें सामान्य निघतील. निघोत. नागझिऱ्याच्या प्रत्येक फेरींत वाघ दिसत नाहीं. पण अरण्यच राखलें नाहीं तर वाघ दिसण्याची गोष्टच उरत नाहीं, हें ज्यांस पटलें आहे, त्यांस एका खोलीचें महत्त्व पटवून द्यावें लागावें, ही लाजेची गोष्ट आहे.